तोंडपाठ साक्ष

ज्या दिवशी अपिलाचा निकाल आला, त्या दिवशी समोरच्या मा प्रॉव्हिडन्सने सकाळी सातलाच रेडिओ खिडकीत आणून ठेवला आणि त्याचं तोंड माझ्या घराकडे करून देवाची गाणी लावली. तिच्या मुलाने, ॲल्बनने, माझ्या मुलीचा कोयत्याने जीव घेतला होता. तीन वर्षांपूर्वी बारा जणांच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. आता अपिलाचे तीन न्यायाधीश विमानातून बेटावर उतरले, दोन दिवस कागद चाळले आणि सांगून गेले की शिक्षा रद्द, खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा.

"टीचर!" मा रस्त्यापलीकडून ओरडली. "ऐकलंस का? माझ्या लेकराला देवाने सोडवलं!"

"देवाने नाही, कॉनेल वकिलाने," मी म्हटलं. "आणि सुटलेला नाही अजून. रेडिओ जपून वाजव, बॅटरी संपेल."

"खोटारडी नात आणि खोटारडी आजी! चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायला लाज वाटत नाही?"

मी खिडकी आपटून बंद केली. केझिया टेबलाशी बसून भाजलेला नीरफणस आणि तळलेले मासे खात होती. ही माझ्या व्हेल्डाची मुलगी. आईला मारलं तेव्हा आठ वर्षांची होती, आता बारा. दोघी ॲल्बनकडे राहायच्या; त्या घराखालच्या खांबांआड लपून तिने सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या कोणीही पाहिलं नव्हतं.

"तो परत येणार?" तिने विचारलं.

"नाही."

"या वेळी कोर्टाने माझं खरं मानलं नाही तर येणार. समोर आईकडे राहणार. मी शाळेत जाताना तो ओट्यावर बसलेला असणार."

"खा मुकाट्याने."

ती माझ्याकडे बघतच राहिली. हल्ली ती अशीच बघते, दुकानदाराने मापात मारल्यावर गिऱ्हाईक बघतं तशी.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे मा मला टीचर का म्हणते ते कळेल. माझं नाव इव्हडनी. चर्चच्या रविवारच्या शाळेत एकतीस वर्षं मी मुलांना शिकवलं. आमच्याकडे ईस्टरला मुलांचा कार्यक्रम असतो. प्रत्येक मुलाला एकेक पाठ देतात, कुणाला चार ओळी, कुणाला पानभर. कांजी केलेले पांढरे फ्रॉक, ताठ रिबिनी, आणि पुढे जाऊन पाठ म्हणायचा. या किनाऱ्यावर चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं नसेल ज्याला पाठ म्हणायला मी शिकवलं नाही. हात मागे. नजर मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर, माणसांवर नाही, कारण माणसं बघितली की विसरायला होतं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत. अडखळलं तर मधून सुरुवात करायची नाही, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी गुडघे वाकवून नमस्कार, मग जागेवर. ॲल्बनलाही मीच शिकवलंय. त्याचा आवाज चांगला होता, हे सांगायला माझी जीभ जळते.

तर केझियाला कोर्टात मोठ्या माणसांपुढे बोलायचं आहे म्हटल्यावर मी तिला माझ्या पद्धतीने तयार केलं. यात मला काही चूक वाटली नाही. नऊ वर्षांची मुलगी, पुढे टोप घातलेला न्यायाधीश, पिंजऱ्यात बापाच्या जागी राहिलेला माणूस. ती थिजली असती. तिने पाहिलं ते मी तिच्याकडून ऐकलं, नीट ओळीने लावलं आणि रोज संध्याकाळी म्हणून घेतलं. सात आठवडे.

कोर्टात ती छान उभी राहिली. न्यायाधीशांनी आधी विचारलं, "बाळ, खोटं बोललं तर काय होतं?" तिने घड्याळाकडे बघून सांगितलं की देव शिक्षा करतो आणि खोटं बोलणारा नरकात जातो. न्यायाधीशांनी मान हलवली, तिच्या हाती बायबल दिलं. मग तिने साक्ष दिली, हात मागे घेऊन, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. माझी साक्ष आधीच होऊन गेली होती, म्हणून मला आत बसू दिलं. मला अभिमान वाटला. खरं सांगते, आईच्या खुनाची गोष्ट पोर सांगते आहे आणि मला तिच्या उच्चारांचा अभिमान वाटत होता.

मग कॉनेल उठला. गोड बोलणारा माणूस. "छान सांगितलंस बाळ," तो म्हणाला. "आता आई चुलीजवळ होती, तिथून पुढे पुन्हा सांग बघू."

केझियाने घड्याळाकडे बघितलं. ओठ हलले, आवाज फुटेना. मग तिने तेच केलं जे मी शिकवलं होतं. "त्या शुक्रवारी संध्याकाळी आई आणि मी घरीच होतो," तिने पहिल्यापासून सुरू केलं.

"नाही बाळ, चुलीपासून."

"त्या शुक्रवारी संध्याकाळी आई आणि मी घरीच होतो."

तीन वेळा. शब्द न शब्द तोच. आणि तिसऱ्यांदा संपल्यावर तिने गुडघे वाकवून नमस्कार केला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. टंकलेखन करणाऱ्या बाईने तो नमस्कारसुद्धा कागदावर घेतला.

ज्यूरीतली माणसं आपल्याच बेटावरची. त्यांनीही लहानपणी पाठ म्हटले होते, त्यांना त्यात वावगं दिसलं नाही. त्यांनी पोरीचं खरं मानलं. पण अपिलाचे न्यायाधीश कागद वाचतात. त्यांच्यापुढे पोर नव्हती, एकसारख्या तीन पानांची चळत होती.

निकालानंतर आठवड्याने सरकारी वकील घरी आली. पहिल्या खटल्यातला म्हातारा वकील निवृत्त झाला होता. ही मिस बास्कम, तिशीची, शहरातली, आमच्या चिखलात उंच टाचा रुतवत आली. मी कोको पुढे ठेवला, तिने हात लावला नाही.

"टीचर, निकालात काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"मला वाचता येतं. मी शिकवते."

"तेच लिहिलंय," ती म्हणाली. "की मुलीला कोणीतरी शिकवलं. तीन वेळा तीच वाक्यं. आणि एक वाक्य तर खोटं. 'आई आणि मी घरीच होतो.' तुमच्या गल्लीतल्या मिस टिनीने शपथेवर सांगितलंय की सहाच्या सुमाराला व्हेल्डा या पोरीचा हात धरून वरच्या रस्त्याने या बाजूला येताना दिसली. अनवाणी. मिस टिनीचं ॲल्बनशी काही नातं नाही, तुमच्याशी वैर नाही. ती कशाला खोटं बोलेल?"

"टिनीला भर दुपारी स्वतःची शेळी ओळखू येत नाही."

"ॲल्बन म्हणतो, तो सातपर्यंत देवमासे मारणाऱ्या होडीवर समुद्रात होता. घरी आला तेव्हा बायको मरून पडली होती. रस्त्यावरून कोणी मागे आलं असेल, म्हणतो. होडीवरचे दोघे त्याच्या बाजूने बोलतात. माझ्याकडे फक्त ही मुलगी आहे. आणि तिच्या साक्षीत एक भोक आहे. सहा वाजता त्या दोघी कुठे चालल्या होत्या?"

मी तिचा कोको उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही शपथेवर सांगितलंत, व्हेल्डाला शेवटचं रविवारी चर्चमध्ये पाहिलं. त्यात काही बदलायचंय?"

"नाही."

"विचार करा."

"मी म्हटलं ना, नाही! तुम्ही शहरातल्या बायका येता, चार कागद फडफडवता आणि आम्हाला खोटं ठरवता. मुलगी माझी मेली, तुमची नाही."

ती उठली. "आजपासून केझियाशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. काय बोलायचं ते मी तिच्याशी एकटीशी बोलेन." आणि खरंच, ती पोरीला घेऊन आंब्याखाली दोन तास बसली. मी पडद्याआडून बघत होते. केझियाचे हात एकदाही मागे गेले नाहीत. ते सारखे हवेत हलत होते, आणि एकदा तिने मूठ वळून हवेत ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

काय ठोकलं ते मला माहीत होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते आता सांगून टाकते. त्या शुक्रवारी ईस्टरला नऊ दिवस राहिले होते. माझ्या पुढच्या खोलीत चौदा मुलं पाठ म्हणत होती आणि पाद्रीबाबांची बायको मिसेस हॅझलवूड खुर्चीत बसून पोशाखांना टाके घालत होती. सहा वाजता स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर थाप पडली. तीन थापा. मी गेले. फटीतून व्हेल्डाचे अनवाणी पाय दिसले आणि शेजारी पोरीचे.

"मम्मी, उघड. तो पिऊन आलाय. आज मला भीती वाटतेय."

"लग्न न करता त्याच्या घरात जाऊन राहिलीस तेव्हा मी काय सांगितलं होतं?" मी हळू आवाजात म्हटलं. "आत माणसं बसलीयत. तमाशा नको. घरी जा."

"मग हिला तरी आत घे."

मी कडी लावली. दार नुसतं लोटलेलं होतं, तिने ढकलायचाच अवकाश होता, आणि मी कडी लावली. मग पुढच्या खोलीत जाऊन मुलांना म्हटलं, "मोठ्याने म्हणा. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे." मुलं ओरडून म्हणू लागली. मिसेस हॅझलवूड हसून म्हणाली, वा टीचर, काय आवाज लावलाय.

तासाभराने रस्त्यात आरडाओरडा झाला.

केझियाने पोलिसाला काही सांगायच्या आधी मी तिला मांडीवर घेतलं होतं. तिने मला विचारलं, "आजी, दाराचं सांगू?" मी म्हटलं, नाही. दाराचा खुनाशी काय संबंध? म्हणायचं, घरीच होतो. तिला आठ वर्षं पुरी होऊन महिना झाला होता. तिने मान डोलावली.

मला लाज वाटत होती. देवापुढची नाही, मिसेस हॅझलवूडपुढची. त्या एका वाक्याने टिनीची साक्ष पोरीच्या विरुद्ध गेली, आणि ॲल्बन सहाच्या आधीच पिऊन घरी आला होता, हे पोरीखेरीज सांगू शकणारी मी एकटी जिवंत माणूस गप्प बसले. कॉनेलला मी तीन वर्षं शिव्या घातल्या. ॲल्बनचा वकील मीच होते.

मिस बास्कमने बजावलं होतं तरी मी एकदा प्रयत्न केला. कपडे वाळत घालताना हळूच म्हटलं, "केझिया, या वेळी असं म्हणायचं. आई आणि मी दुकानात साखर आणायला निघालो होतो आणि—"

तिने हातातला ओला टॉवेल खाली टाकला. "मला पाठ आठवत नाही, आजी."

"म्हणून तर सांगतेय."

"मला पाठ आठवत नाही. काय झालं तेवढंच आठवतं."

"कोर्टात अडखळलीस तर?"

"अडखळेन. तुझं काय जातंय? तू तर दाराच्या आत होतीस."

मी तिच्या थोबाडीत मारली. टिनीने कुंपणावरून बघितलं, रस्त्यापलीकडून मा प्रॉव्हिडन्सनेही बघितलं आणि ती दात विचकून हसली. केझिया रडली नाही. टॉवेल उचलून झटकला आणि दोरीवर टाकला, चिमटे लावून. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. मीठ दे. शाळेची सही कर. एवढंच.

खटला ऑक्टोबरात उभा राहिला. साक्ष होईपर्यंत साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर. समोरच्या बाकावर मा प्रॉव्हिडन्स, मांडीवर पाव आणि मासे, डोक्यावर चर्चची टोपी. केझियाला साडेनऊला आत नेलं.

"आज कोणता पाठ बसवलायस गं?" मा म्हणाली. "गाण्यासकट आहे का नुसता?"

"तुझ्या घासात काटा अडको."

"माझ्या पोराने नाही केलं, टीचर. मी त्याची आई आहे, मला माहीत आहे."

"तू त्याची आई आहेस म्हणूनच तुला माहीत आहे," मी म्हटलं. ती चघळायची थांबली. मला वाटलं ती रडणार. पण ती म्हणाली, "आणि तुला काय माहीत आहे, तू तिची आई होतीस ना?"

दुपारी एकला केझियाला दुसऱ्या दाराने बाहेर आणलं. पोलीस बाई तिचा हात धरून होती. ती माझ्यासमोरून गेली. चेहऱ्यावरून काही कळेना. आत काय बोलली, दाराचं बोलली की नाही, कोणाला विचारायची सोय नव्हती. मी जर मागचंच सांगितलं आणि पोरीने दाराचं सांगितलेलं असलं, तर दोघींतली एक खोटी. आणि कोर्ट कुणाला खोटं म्हणेल? रविवारच्या शाळेच्या टीचरला नक्कीच नाही.

दोनला माझं नाव पुकारलं.

पिंजऱ्यात उभी राहिले. बायबल हाती दिलं, शपथ झाली. मग माझ्या लक्षात आलं की माझे हात मागे गेलेत आणि मी मागच्या भिंतीवर घड्याळ शोधतेय. मी नजर खाली आणली. मागच्या बाकांवर आमच्या चर्चमधल्या सात बायका बसल्या होत्या, मधे मिसेस हॅझलवूड. आणि डावीकडे ॲल्बन. नवा पांढरा शर्ट, तुरुंगात अंगाने भरलेला. तो माझ्याकडे बघून किंचित हसला. तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे. व्हेल्डा परत गेली तेव्हा त्याने विचारलंच असेल, आलीस आईकडून? घेतलं का तिने आत? पहिल्या खटल्यात तो सारखा माझ्याकडे का बघायचा, तेही कळलं. मी गप्प राहणार याची त्याला चार वर्षं खात्री होती.

"टीचर," मिस बास्कम म्हणाली, "त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तुमची मुलगी तुमच्या घरी आली होती?"

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. हे दुसरे होते, पातळ आवाजाचे. "बाई, नीट ऐका. मागच्या खटल्यात तुम्ही शपथेवर याचं उत्तर दिलेलं आहे. आज वेगळं उत्तर दिलंत तर तुमच्यावर खटला भरला जाऊ शकतो. असं उत्तर द्यायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. हवं तर तुम्ही उत्तर नाकारू शकता. कळलं?"

"कळलं, साहेब."

म्हणजे मला आता खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं. मला तर तेच चांगलं येत होतं. मिसेस हॅझलवूडने पुढे वाकून मला धीराचं हसू दिलं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "त्या शुक्रवारी संध्याकाळी..." आणि अडखळले. पुढचं येईना. एकतीस वर्षं मुलांना शिकवलेलं डोक्यात वाजत होतं, पहिल्यापासून, पहिल्यापासून.

मी पहिल्यापासून सुरू केलं नाही. मधूनच सांगितलं.

"कडी मी लावली," मी म्हटलं. "ती बाहेर उभी होती. पोर हाताला होती. म्हणाली, तो पिऊन आलाय. म्हणाली, हिला तरी आत घे. सहा वाजले होते, कारण मुलं आली होती पाठ म्हणायला. मी कडी लावली. मग मुलांना म्हटलं मोठ्याने म्हणा, म्हणजे तिची थाप ऐकू येऊ नये."

कॉनेल उडी मारून उठला. मेलेल्या बाईचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून चालणार नाही, असं काहीतरी. ज्यूरीला बाहेर पाठवलं, दोघं वकील अर्धा तास भांडले, मी पिंजऱ्यात तशीच उभी. शेवटी न्यायाधीशांनी ते ऐकायची परवानगी दिली. ज्यूरी परत आल्यावर मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. या वेळी शब्द वेगळे आले, क्रम वेगळा आला, आणि मी रडले, जे मला लोकांसमोर मुळीच आवडत नाही.

"म्हणजे मागच्या वेळी," कॉनेल म्हणाला, "बायबलवर हात ठेवून तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"आणि नातीला खोटं पढवलंत."

"हो. 'घरीच होतो' एवढं एक वाक्य."

"बाकीचं पढवलेलं नाही कशावरून? तुमच्या शब्दावरून?"

"माझ्या शब्दाला काय किंमत राहिली आता? तू सकाळी तिला विचारलं असशील. मधून विचारलंस का?"

तो खाली कागदात बघू लागला. मग म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत."

त्याने विचारलं होतं. हे मला नंतर टिनीने सांगितलं; तिची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती, म्हणून ती सकाळपासून आत होती. चुलीपासून विचारलं, शेवटापासून विचारलं, मधलं गाळून विचारलं. पोर अडखळली, दोनदा पाणी मागितलं, एकदा म्हणाली की हे मला आठवत नाही. पण जिथून विचारलं तिथून तिने सांगितलं. नमस्कार केला नाही. आणि त्याहीआधी, न्यायाधीशांनी जेव्हा विचारलं की खोटं बोललं तर काय होतं, तेव्हा ती म्हणाली, "मला काही झालं नाही, साहेब. मागच्या वेळी मी एक वाक्य खोटं बोलले. मला काही झालं नाही. तो सुटायला आला, एवढंच झालं." टिनी म्हणाली, न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

ज्यूरी दुसऱ्या दिवशी दोन तासांत परत आली. दोषी. ॲल्बनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आईकडे बघितलं. मा प्रॉव्हिडन्सची टोपी घरंगळून खाली पडली आणि ती तशीच टोपीवर पाय देऊन बाहेर गेली. कॉनेल पुन्हा अपील करणार म्हणतात. करू दे. आता कागदांत एकसारखी तीन पानं सापडणार नाहीत.

माझा जबाब घेऊन पोलीस गेलेत, माझ्यावर काय होईल ते होईल. मिसेस हॅझलवूड स्वतः येऊन रविवारच्या शाळेची किल्ली आणि पोशाखांची पेटी घेऊन गेली. पुढच्या दारातच उभी राहिली. म्हणाली, "इव्हडनी, त्या दिवशी मी इथेच बसले होते. मला सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, "तुम्हीच बसला होतात म्हणून तर." तिला ते आवडलं नाही. मलाही माझं तसं बोलणं आवडलं नाही, कारण तेही अर्धंच खरं आहे. कडीला हात माझा होता.

निकालाच्या संध्याकाळी शहरातून व्हॅनने परत आलो. केझिया पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागे. व्हॅनमधे कोणी माझ्याशी बोललं नाही. गावात उतरल्यावर ती पुढे निघाली आणि मी मागून, गुडघे दुखत होते म्हणून सावकाश. घरी पोचले तर पुढचं दार बंदच. कुलूप काढून आत गेले, दिवा लावला, तिला हाक मारली. उत्तर नाही.

मग मागच्या दारावर थाप पडली. तीन थापा.

ते दार मी चार वर्षांत उघडलं नव्हतं. त्याला टेकून पिठाचा डबा ठेवला होता. मी डबा ओढला, सांडला. कडी गंजून बसली होती. हाताने हलेना. बाहेर पुन्हा तीन थापा.

"थांब!" मी ओरडले. "थांब गं, जाऊ नकोस!"

वरवंटा घेऊन कडीवर मारला. एकदा, दोनदा, बोट ठेचलं. चौथ्या घावाला कडी सुटली आणि दार ओरखडत उघडलं.

केझिया पायरीवर उभी होती. तिने दाराकडे बघितलं, वाकलेल्या कडीकडे बघितलं, माझ्या रक्ताळलेल्या बोटाकडे बघितलं.

"उघडतं की हे," ती म्हणाली. आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत गेली.